कोंबड्यांच्या कुंपणातलं पान

"हे कुणाचं?" डॉरिसने विचारलं.

तिच्या हातात कागदी प्लेट होती. प्लेटमध्ये वरण-भात, वर तुपाची धार, दोन उडदाचे वडे आणि चमचाभर खीर. मी कॉफी ओतत होते, ती ओतायची थांबले.

"तुझ्या तंबूंच्या मागे, ओकच्या बुंध्याशी ठेवलेली होती," ती म्हणाली. "मॅन्जी, बारापर्यंत सामान आवरा. सगळ्यांनी."

माझं नाव मंजिरी. डॉरिस मला मॅन्जी म्हणते, आणि मी ते कधीच सुधारलेलं नाही, कारण जमीन तिची आहे. व्हर्जिनियातल्या डोंगराच्या पायथ्याशी तिचं शेत आहे. शेतामागे जंगल, आणि दोन्हीच्या मध्ये माझा कॅम्प. तंबू माझे, बायका माझ्या, नियम तिचे.

पूर्वी मी अ‍ॅशबर्नला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या. ते मला फार छान जमायचं. आता मी फक्त बायकांसाठी वीकेंड कॅम्प चालवते. ना नवरा, ना मुलं, ना लॅपटॉप. जाहिरातीत एवढंच लिहिते: या, आणि काही करू नका. माझी बहीण नागपूरहून फोनवर म्हणाली, "बायकांना झोपवायला तू इंजिनिअर झालीस?" हो बाप्पा, झाले! एकदा करून बघ म्हणावं. मराठी बाईला स्वस्थ बसवणं म्हणजे काय ते मला विचारा. पहिल्या संध्याकाळी निम्म्या जणी माझ्या स्वयंपाक्याच्या हातातून उलथनं काढून घेतात. उरलेल्या त्याला मीठ कमी पडल्याचं सांगतात. त्याच बायका रविवारी परत जाताना गाडीत गाढ झोपलेल्या असतात. ही माझी कमाई, आणि मला तिचा अभिमान आहे.

तर डॉरिसचा नियम. या जंगलात काळी अस्वलं आहेत. ती माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण नाक असं जबरदस्त की टूथपेस्टचाही वास त्यांना दुरून कळतो. म्हणून खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही. सगळं बेअर बॉक्समध्ये. ही जाड लोखंडी पेटी असते आणि तिची कडी अस्वलाच्या पंजाला उघडता येत नाही. मी आल्या आल्या सगळ्यांच्या बॅगा तपासते. चकली, क्रीम, च्युइंगगम, केसांचं तेल, सगळं पेटीत. एकीने उशीखाली चिवडा ठेवला होता, तोही काढून घेतला.

डॉरिस उगाच कडक नाही. मागे एकदा कुणीतरी पाहुण्याने तंबूत पीनट बटर ठेवलं होतं. एका तरुण अस्वलाला त्याची चटक लागली. ते पुन्हा पुन्हा यायला लागलं, आणि शेवटी त्याला मारावं लागलं. डॉरिसने त्या अस्वलाला पिल्लू असल्यापासून पाहिलेलं. त्यानंतर तिचा करार एका वाक्याचा झाला: अन्न बाहेर दिसलं की कॅम्प बंद. तो वीकेंडच नव्हे, कायमचा.

मी सगळ्यांना आगीच्या कट्ट्याभोवती बोलावलं. प्लेट मधे ठेवली.  वडे बघून सगळ्यांना कळलं होतं की काय आहे, पण कुणाचं आहे ते कळत नव्हतं.

"माझं आहे," विमलकाकू म्हणाल्या.

विमलकाकू माझ्या कॅम्पवर आलेल्या सगळ्यांत मोठ्या बाई. नवरा गेल्यावर मुलाने, रोहितने, त्यांना साताऱ्याहून इकडे आणलं. सून केतकी बरोबर आली होती, किंबहुना तिनेच दोघींचं बुकिंग केलं होतं. केतकीचा चेहरा उतरला.

"आई! मंजिरीने काल किती वेळा सांगितलं!"

"सांगितलं गं. पण आज षष्ठी आहे."

पितृपक्षातली षष्ठी. काकांची तिथी.

"तर्पण काय, रोहितने घरी केलं असेल," काकू म्हणाल्या. "पण पान मी ठेवते. मागच्या वर्षी तुमच्या त्या डेकवर ठेवलं. कावळा नाही की काही नाही. खारीने नेलं."

कुणालातरी हसू आलं, पण लगेच विरलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"खारीने शिवलेलं पान पोचतं का गं मंजिरी? वर्षभर हेच डोक्यात. म्हणून तर मी तुला फोन केला होता."

तेव्हा मला आठवलं. बुकिंगनंतर काकूंनी स्वतः फोन करून एकच प्रश्न विचारला होता. तंबू कसा, बाथरूम कुठे, थंडी किती, काही नाही. "तिथे कावळे आहेत का?" मी आनंदाने म्हणाले होते, "भरपूर!" मला वाटलं बाईंना पक्ष्यांची आवड आहे. मी त्यांच्यासाठी दुर्बीणसुद्धा काढून ठेवली होती.

"मला माहीत होतं तू परवानगी देणार नाहीस," काकू म्हणाल्या. "घरून आणलेला डबा सकाळी पेटीतून मागून घेतला तो ह्याच्यासाठी. चुकलं माझं. पण ह्यांना दुसऱ्या वर्षीही उपाशी ठेवू का?"

 मी प्लेट उचलली आणि डॉरिसच्या घराकडे चालू लागले.

डॉरिस अंगणात दाणे टाकत होती. तिच्या कोंबड्यांच्या आवाराला विजेचं कुंपण आहे. तारांमधून हलका करंट जातो. अस्वल नाक लावतं, झटका बसतो, पुन्हा फिरकत नाही. आत कोंबड्या दाणे टिपत होत्या. आणि त्यांच्यामध्ये, अगदी घरच्यासारखे, तीन कावळे.

मी तिथेच थांबले. टेस्टरचं डोकं. नियम काय सांगतो हे सगळेच वाचतात, तो कशासाठी आहे हे कुणी बघत नाही.

"डॉरिस, आमच्याकडे वर्षातले काही दिवस गेलेली माणसं जेवायला येतात," मी म्हणाले. "त्या बाईंचा नवरा आज येणार आहे."

"इथे?"

"कावळ्याच्या रूपात."

"कावळे चोर आहेत."

"असतील. पण आमचे नातेवाईक आहेत."

तिने दाण्यांची बादली खाली ठेवली. "मॅन्जी, मी जंगलात अन्न ठेवू देणार नाही. कुणाच्याही नवऱ्यासाठी."

"जंगलात नकोच. इथे, कुंपणाच्या आत. अस्वल इथे येत नाही. कावळे तुझं धान्य रोज फुकट खातात, आज आमचं खातील. प्लेट मी ठेवणार, मी उचलणार, मी धुणार. कॅम्पचं काय करायचं ते नंतर ठरव."

तिने आवारातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोंबड्यांनी खाल्लं तर चालतं का?"

"अजिबात नाही."

"मग त्यांना आत कोंडावं लागेल." ती माझ्यावर मेहेरबानी करत होती आणि ते तिला लपवता येत नव्हतं. "बारा वाजले की प्लेट उचलायची. कावळा येवो न येवो. आणि पुन्हा माझ्या झाडाखाली काही दिसलं, तर तू आणि मी संपलो."

मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी फक्त काकूंना घेऊन निघाले होते, पण मागे वळून पाहिलं तर सगळ्याच येत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं.

काकूंनी आवाराच्या मधोमध प्लेट ठेवली. आम्ही कुंपणाबाहेर गवताच्या गठ्ठ्यांवर बसलो. कोंबड्या आतून शिव्या दिल्यासारख्या ओरडत होत्या. कावळे धान्याच्या कोठाराच्या छपरावर जाऊन बसले होते.

"हा आपला कावळा वाटत नाही गं," काकू म्हणाल्या. "केवढा मोठा. आणि मानेला राखी रंग नाही."

"काकू, व्हिसा बदलला असेल," एकजण म्हणाली, आणि पहिल्यांदा केतकी हसली.

एक कावळा छपरावरून तारेच्या खांबावर आला. काकू ताडकन उठल्या. वडा जरा पुढे करायला हवा होता म्हणे. कावळा उडाला. त्या परत आल्या. दुसरा आला, तर भातावर पाचोळा पडला म्हणून त्या पुन्हा आत. तोही उडाला.

केतकी हात जोडून म्हणाली, "बाबा, मी आईंची काळजी घेईन." कावळा हलेना. "बाबा, त्यांना ड्रायव्हिंग शिकवीन." तरीही नाही. इकडे काकू खिरीची जागा बदलायला पुन्हा निघाल्या.

मग मी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. "काकू, बसा. तुम्ही उठलात की तो उडतो. पक्ष्याला हालचाल नको असते. बाकी काही करू नका. फक्त बसा."

"बसवत नाही गं."

"माहितीये. म्हणूनच माझा कॅम्प चालतो."

त्या उभ्याच राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "हेही हेच म्हणायचे. दवाखान्यातून घरी आणल्यावर तर रोजच. 'विमल, दोन मिनिटं बस ना माझ्याजवळ.' मी म्हणायचे, आले हं, भाजी लागेल. आले हं, दूध उतू जाईल. गेले तेव्हाही मी ओट्याशीच होते."

 केतकीने सरकून गठ्ठ्यावर जागा केली.

काकू बसल्या. पदर मांडीवर नीट घेतला, हात त्यावर ठेवले. समोर बघत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बसले हो. आता उठत नाही."

आणि त्या उठल्या नाहीत. भातावर पुन्हा पाचोळा पडला, तरी नाही. माझ्या त्या बायका, ज्यांचा हात सारखा फोनकडे जायचा, ज्या दर थोड्या वेळाने 'चहा कोण घेणार' विचारायच्या, त्याही सगळ्या गप्प बसून होत्या. इतक्या वर्षांत मी कितीतरी कॅम्प घेतले, श्वासाचे व्यायाम झाले, योगाचे वर्ग झाले. अशी शांतता मला कधी आणता आली नव्हती.

कावळा छपरावरून खांबावर आला. खांबावरून जमिनीवर. तिरका चालत प्लेटजवळ गेला, मान वाकडी करून बघितलं, आणि वडा उचलून घेऊन गेला.

"वडाच नेला," काकू म्हणाल्या. "ह्यांना भात नकोच असायचा." आणि मग त्या रडल्या. भरपूर, मोकळ्या. आम्हीही रडलो. मी कामावर असताना रडत नाही, पण त्या दिवशी रडले.

बाराच्या आत मी प्लेट उचलली आणि धुतली. डॉरिस दारातून सगळं पाहत होती.

"ते रोज चोरतात," ती म्हणाली.

"माहितीये."

"रविवारपर्यंत राहा," ती म्हणाली आणि कोंबड्या सोडायला गेली.

जेवण झाल्यावर काकू तंबूत जाऊन झोपल्या. केतकी दोनदा डोकावून आली. चहाला उठवू का, असं तिने विचारलं. मी म्हणाले, खबरदार.

आमचा करार अजून चालू आहे. मीही एक धडा घेतला. फोनवर कुणी 'तिथे अमुक आहे का' असं विचारलं, की हो म्हणण्याआधी मी 'का हो?' विचारते. बहुतेक वेळा उत्तर वायफाय असतं.

पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता डॉरिसचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. मला वाटलं, झालं, कुठेतरी चिवडा सापडला.

"मॅन्जी," ती म्हणाली, "त्या बाईंचा नवरा यंदा कोणत्या दिवशी येतोय? मला कोंबड्या कोंडाव्या लागतील."