सील न तोडता

पाणीपुरवठा कार्यालयात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे रेघबाई म्हणत. वाकडी रेघ दिसली की त्यांच्या कपाळावर आठी यायची आणि रेघ सरळ झाल्याशिवाय ती जायची नाही. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली होती. कुठल्या रस्त्याखालून कुठली जलवाहिनी जाते, हे खणण्याआधी सांगणं हेच त्यांचं काम.

त्या वर्षी नकाशाखोलीत नऊ नवे संगणक आले. काळ्या चकचकीत पेट्या, प्रत्येकीवर स्टिकर: मेमरी सोळा जीबी, वेगवान एसएसडी डिस्क. मागे पुरवठादाराचं कागदी सील आणि त्यावर लाल अक्षरांत, ‘सील तुटल्यास हमी रद्द’. रेघबाईंनी पहिल्याच दिवशी पूर्व भागाचा नकाशा उघडला. अकरा मिनिटं लागली. जुन्या मशीनला सात लागायची.

संगणक विभागातला माणूस कुठल्याही तक्रारीवर “बघतो” म्हणायचा, म्हणून त्याचं नावच बघतोसाहेब पडलं होतं. दोन आठवड्यांनी तो आला आणि दारातूनच म्हणाला, “बंद करून चालू केलंत का?”

“चार वेळा.”

“मग पाचव्यांदा करा.”

“अहो, आत मेमरीच कमी असेल तर?”

“स्टिकर वाचा ना, बाई. सोळा लिहिलंय.”

“डब्यावर साखर लिहिलं म्हणून आत मीठ नसतं का?”

“ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडता येणार नाही. सील आहे. पुरवठादाराशी बोला.”

पुरवठादाराचा माणूस फोनवर म्हणाला, “आधी दोष सिद्ध करा, मग मी येऊन सील काढतो.”

“सील काढल्याशिवाय सिद्ध कसा करू?”

“ते तुमच्या संगणक विभागाला विचारा.”

रेघबाईंनी फोन आपटला. चार महिन्यांत संगणक विभागाकडे तीन वेळा लेखी तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘समस्या सुटली आहे.’ कुणाची सुटली कोण जाणे! नकाशा उघडायला लावून त्या पाण्याची बाटली भरून आणायच्या, शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीचं मुलीच्या लग्नाचं गाऱ्हाणं ऐकायच्या आणि परत येऊन बघायच्या, तर पडद्यावर चक्र फिरतंच आहे.

मग एका सकाळी मोठ्या चौकात मुख्य जलवाहिनी फुटली. मुकादमाचा फोन आला. “रेघबाई, कुठला व्हॉल्व्ह बंद करू? दुकानांत पाणी शिरतंय!”

“एक मिनिट हं.”

एकाची सहा मिनिटं झाली. मुकादम पलीकडून ओरडत होता. शेवटी रेघबाईंनी आठवणीवर भरवसा ठेवून सांगितलं, “दवाखान्यासमोरचा.”

तो चुकीचा निघाला. चौकात पाणी आणखी पाऊण तास उसळत राहिलं आणि उलट दवाखान्याचं पाणी गेलं. दोन वर्षांपूर्वी खरा व्हॉल्व्ह रस्त्याच्या पलीकडे हलवला होता, आणि तो बदल नकाशात काढला होता खुद्द रेघबाईंनीच. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला, तीन दिवसांत. त्यांना राग वरिष्ठांचा आला, बघतोसाहेबाचा आला, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा.

संध्याकाळी नणंद आली होती. नवऱ्याची थोरली बहीण. जुने संगणक विकत घेऊन विकणाऱ्या दुकानात कामाला, जीभ सुरीसारखी. रेघबाईंनी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं.

“मग आत काय आहे ते बघितलं का नाहीस?”

“वन्सं, उघडता येत नाही! किती वेळा सांगू?”

“उघडायला कोण सांगतंय? आमच्याकडे लोक मशीन विकायला आणतात. प्रत्येकाचे स्क्रू काढत बसले तर दुकानाला कुलूप लागेल. मशीनलाच विचारायचं, तुझ्यात काय आहे. ते खोटं सहसा बोलत नाही. माणसासारखं नसतं ते.” मग कपाळाला हात लावून म्हणाली, “सत्तावीस वर्षं नोकरी केलीस, वहिनी, आणि एवढं कुणाला विचारलं नाहीस?”

रेघबाईंनी दात आवळले. पण हात पुसून कागद पुढे केला. नणंदेने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. रेघबाईंनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. टास्क मॅनेजरची खिडकी उघडली. परफॉर्मन्सवर गेल्या, मेमरीवर टिचकी मारली. कोपऱ्यात लिहिलेलं होतं: आठ जीबी. खाली, मेमरीच्या दोन खाचांपैकी एकच भरलेली. डिस्कवर टिचकी मारली, तर एसएसडी नव्हतीच. जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची. मग विंडोजची कळ आणि आर दाबून चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ इंग्रजीत टाइप केलं. प्रोसेसरचं नाव, मशीनचं मॉडेल, सगळी जंत्री समोर. प्रोसेसर तेवढा कबूल केल्याप्रमाणे होता.

“मेल्यांनो!” त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाल्या.

जेवणाचा डबा तसाच राहिला. त्यांनी नऊही मशीन तपासली, प्रत्येक पडद्याचा फोटो काढला. सात मशीनमध्ये माल कमी होता, दोन बरोबर होती.

खुलाशाला त्यांनी ते फोटो जोडले. वरिष्ठांनी बघतोसाहेबाला बोलावलं. तो एकेक फोटो बघत म्हणाला, “हे असं बाहेरूनच दिसतं?”

“तुमच्या खुर्चीत बसून दिसतं,” रेघबाई म्हणाल्या. “दोन मिनिटं लागतात. मी चार महिने घालवले.”

“मला वाटलं, स्टिकर आहे म्हणजे...”

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच रेघबाईंना जास्त संताप आला. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

पुरवठादाराचा माणूस आता दुसऱ्याच दिवशी धावत आला. “गोदामात पेट्यांची अदलाबदल झाली,” असं काहीतरी पुटपुटत त्यानं स्वतःच सील काढलं. आत तेच होतं, जे पडद्यावर दिसलं होतं. आठवड्याभरात सातही मशीनमध्ये कबूल केलेली मेमरी आणि डिस्क बसली. पूर्व भागाचा नकाशा चाळीस सेकंदांत उघडला.

“खुलासा मात्र फाइलला राहील,” वरिष्ठ म्हणाले. “व्हॉल्व्ह तुम्हीच चुकीचा सांगितलात.”

“सांगितला,” रेघबाई म्हणाल्या. “ते मी नाकारत नाही. त्याच फाइलला माझ्या तीन तक्रारीही लावा. ‘समस्या सुटली’ या उत्तरांसकट.”

वरिष्ठांनी चष्मा काढून पुसला आणि शिपायाला हाक मारून तिन्ही तक्रारींच्या प्रती मागवल्या.

पुढच्या सोमवारी लेखी आदेश आला: ‘कार्यालयातील उर्वरित चौसष्ट संगणकांची तपासणी नकाशाखोलीच्या बाईंनी आपले नेहमीचे काम सांभाळून करावी.’ रेघबाईंनी तो दोनदा वाचला. मग वही काढली, सरळ रेघा मारून तक्ता आखला आणि आवक-जावकच्या कारकुनाला जाऊन म्हणाल्या, “उठा जरा खुर्चीतून. आणि तो पडद्यावरचा पत्त्यांचा डाव आधी बंद करा.”