केरबानं खरं लिहिलं होतं

केरबा गेल्याचं कार्ड मला छावणीत बारा दिवस उशिरा मिळालं. कावीळ झाली, अंगावर काढली, परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता... त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या तीन ओळी. पस्तिशीचा माणूस. रजा काढून पालमजवळच्या आमच्या गावी पोचलो तोवर तेरावा उरकला होता. पण शोकसभा माझ्यासाठी थांबवलेली. "वर्दी घालून ये," असा काकांचा निरोप होता.

माझे काका गावचे पोलीस पाटील. सभेत ते म्हणाले, "असा सच्चा माणूस फौजेत जायला पाहिजे होता. नशीब न्हवतं." लोकांनी माना डोलावल्या. मला त्या वर्दीची, फोटोवरच्या हाराची, स्वतःचीच शिसारी आली. केरबा फौजेत का गेला नाही, हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं. काकांना आणि मला.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, तशी आमच्याकडेही भरदुपारी चार घरं पेटवली. केरबाच्या घरची तीन एकर कोरडवाहू, आमची बागायत. पण दोघांची शाळा एक, तालीम एक. त्या दुपारी तो आडातून पाणी शेंदत होता, मी आगीवर घागरी ओतत होतो. पोलिसांची गाडी आली तोवर जाळणारे घरी जाऊन जेवायला बसले होते. गल्लीत सापडलो आम्ही. "हात बघा ह्यांचे, कसे काळे झालेत," जमादार म्हणाला, आणि मारत मारत आम्हाला गाडीत कोंबलं. चार दिवस कोठडी, कलमं जाळपोळीची. जिचं घर वाचवायला आम्ही धडपडलो ती म्हातारी ठाण्यात येऊन सांगत होती, "ह्या लेकरांनी आग इझवली, सायब." तिला हाकलून दिलं. वर्षभरानं खटला मागे घेतला गेला. आमच्यावर आता कसलाही गुन्हा नाही, असा कोर्टाचा कागद दोघांना मिळाला.

त्याच साली परभणीला फौजेची भरती निघाली. धावण्यात, छातीत, डॉक्टरच्या तपासणीत दोघंही बसलो. मग फॉर्म आला. कधी अटक झाली होती का?

"कोर्टानं पुसलंय ते तुमी कशाला गिरवायलाय?" काका म्हणाले. "न्हाई म्हणून लिहा. ठाण्याचं मी बघतो."

"पाटील, खटला मिटला, पर अटक तर झालती ना?" केरबा म्हणाला. "फॉर्मात अटकच इचारलीय." मग माझ्याकडे वळून, "आन् आपून काय चोरी केली का रं लपवायला?"

त्यानं ‘होय’ लिहिलं आणि कोर्टाचा कागद टाचणीनं जोडला. मी ‘नाही’ लिहिलं.

पडताळणीला तोच जमादार आला. काकांच्या ओसरीवर चहा पीत त्यानं माझ्या नावापुढं ‘वर्तणूक उत्तम’ असं लिहिलं. मग त्याच पेनानं केरबाच्या नावापुढं लिहिलं, ‘जाळपोळीच्या गुन्ह्यात अटक’. बस्स, एवढंच. खटला मागे घेतल्याचं अक्षरही नाही. मी शेजारीच बसलो होतो. त्याच्या कागदाचंही लिहा की, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग माझाही कागद निघाला असता... मी बशी उचलली आणि चहा प्यायलो.

मी फौजेत गेलो, केरबाला नाकारलं. पुढं तो पालमला तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायला लागला. रजेवर आलो की मला मिठी मारायचा, सरहद्दीच्या गोष्टी विचारायचा. पंधरा वर्षांत त्यानं मला एकदाही टोचलं नाही, आणि मी त्याला ओसरीवरची गोष्ट सांगितली नाही.

सभा संपल्यावर सुमनवहिनींना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "भावजी, येवढं त्यांना सांगितलं असतं तर... ते म्हनायचे, मलाच नीट लिहिता आलं नसंल. सायबाला समजलं नसंल."

आत जाऊन त्यांनी एक वही आणली. पानापानावर केरबाचं अक्षर. एकच उत्तर, दर वेळी थोडं बदलून, थोडं सुधारून. ‘होय. आग लागली असता विझवत होतो, तेव्हा अटक झाली.’ खाली खोडलेलं. मग पुन्हा, ‘होय. घरे जळत होती, आम्ही पाणी टाकत होतो.’ भरतीचं वय कधीच उलटलं होतं, तरी शेवटच्या पानावरची शाई ताजी दिसत होती.

"काम नसलं की बसायचे लिहीत," वहिनी म्हणाल्या.

पेन्शनीला मला चार महिने उरले आहेत; अटक लपवल्याचं कळलं तर ती जाऊही शकते. त्या शेवटच्या पानावरचं वाक्य मी जसंच्या तसं कोऱ्या कागदावर उतरवलं, खाली माझं नाव आणि नंबर घातला, आणि पालमच्या पोस्टातून माझ्या पलटणीच्या कचेरीला रजिस्टर केलं. इतक्या वर्षांत त्या वाक्यात दुरुस्तीला जागाच उरली नव्हती.