काळतोंडीच्या अकरा ओळी

नदीपलीकडच्या द्राक्षाची वाइन असेल, तर बाटलीवर गावाचं नाव छापता येतं, द्राक्षाची जात छापता येते, साल छापता येतं. आमच्या काठावरची असेल तर फक्त दोन शब्द : ‘लाल वाइन’. मग ती कशाची केलीय, कुणी केलीय, किती जीव ओतून केलीय, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. नियमच तसा आहे. ज्यांनी तो केला त्या मंडळींना मी चारदा भेटलोय. चारही वेळा त्यांनी मला पाणी दिलं आणि पाचव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहिलं. असो. माझं गाऱ्हाणं मांडायला मी बसलेलो नाही. मला घाईताईबद्दल लिहायचंय.

घाईताईचा धंदा नळजोडणीचा. वय बावन्न. जेवते उभ्यानं, फोनवर भांडते उभ्यानं, आणि लोकांच्या मोरीत पाइप बसवताना गुडघे टेकते तेवढीच काय ती तिची विश्रांती. आमच्या काठावरच्या द्राक्षवाल्यांची संघटना मी चालवतो; तिच्या कचेरीतला गळका नळ दुरुस्त करायला ती पहिल्यांदा आली, तेव्हा माझं पत्रक वाचून म्हणाली, ‘‘भाऊ, एवढं लांबलचक कोण वाचणार? मला तर वाचतानाच तहान लागली.’’ त्या दिवसापासून आमचं जमलं. म्हणजे भांडण जमलं.

तिच्या गॅरेजात गाडी नाही. एका भिंतीला पाइपांचे तुकडे, एल्बो, वॉशरचे डबे. दुसऱ्या भिंतीला एक लाकडी पिंप, सव्वादोनशे लिटरचं, आणि त्यात वर्षभराची सगळी वाइन. रस आंबताना वायू बाहेर पडावा पण हवा आत शिरू नये, म्हणून लोक झडप विकत आणतात. घाईताईनं ती बेसिनखालच्या वाकड्या पाइपातून बनवली. द्राक्षं दाबायचं यंत्रसुद्धा तिनं मोटारीच्या जॅकवर उभं केलंय. शिकवलं कुणी? कुणीच नाही. पहिल्या वर्षी वाइनचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला, दुसऱ्या वर्षी बूच उडून छताला भोक पडलं, तिसऱ्या वर्षी पिण्याजोगं काहीतरी हाती आलं.

द्राक्ष तिच्या दादाच्या मळ्यातलं. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, बोलणं मोजकं, हट्ट भरपूर. वडिलांच्या हातच्या अकरा ओळी त्याच्या वाट्याला आल्या. जात अशी, की सरकारी यादीत तिचं नावच नाही. मणी लहान, साल जाड, रंग काळाकुट्ट. खाल्लं की दात, जीभ, ओठ सगळं काळं होतं, म्हणून आमच्याकडे तिला काळतोंडी म्हणतात. पलीकडची तोडणी संपून तीन आठवडे झाले तरी ही बया वेलीवर हिरवट आंबटच. दादा तिला घरातल्या बिनलग्नाच्या आत्येसारखी वागवायचा : टाकवत नाही आणि कौतुकही नाही.

यंदा मात्र त्यानं ठरवलं. वेली उपटायच्या आणि त्या जागी अक्रोड लावायचे. उपटणीचं यंत्र सांगून झालं, तारीखही पक्की झाली. घाईताईला कळलं तेव्हा ती कुणाच्या तरी छतावर टाकी बसवत होती. तशीच खाली उतरली, हाताला चिकटपट्टी लागलेली, वाटेत मला उचललं, आणि दादाच्या दारात उभी राहिली.

‘‘माझ्या वाइनचं काय?’’

‘‘दुसऱ्या द्राक्षाची कर. पलीकडून आण.’’

‘‘पलीकडची करायला पलीकडचे आहेत की! ही कोण करणार?’’

 मग दादानं अट घातली. तुझ्या ओळखीपाळखीचा नाही, या संघटनेतला तर मुळीच नाही (हे माझ्याकडे बघून), असा एक परका माणूस ही वाइन आपल्या दुकानात ठेवायला तयार झाला, तर वेली राहतील. यंत्र अडीच महिन्यांनी येणार आहे, सोमवारी. त्याआधी.

शहरात वाइनचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना मीच गाठलं. ओळख नव्हती, फोनवर डोकं खाऊन त्यांना तयार केलं. यंत्र येण्याच्या आदल्या शनिवारी सकाळी येते म्हणाल्या.

आता इथं काळतोंडीचं एक दुखणं सांगायला हवं. हिची वाइन पिंपात असताना काही महिने घाण वास मारते. काडी ओढून विझवल्यावर येतो तसा, गंधकाचा. नवख्याला वाटतं, नासली. ती नासलेली नसते, रुसलेली असते. वारा लागला की वास जातो. घाईताईला हे तीन वर्षं हात पोळल्यावर कळलं. पण ते तिनं कुणाला समजावून सांगितलं नाही, कारण समजावायला थांबावं लागतं. त्याच सुमारास तिला दुसऱ्या गावी इस्पितळाच्या पाइपांचं दोन महिन्यांचं काम मिळालं. निघताना गाडीत बसता बसता तिनं गॅरेजची किल्ली दादाच्या हातात कोंबली. ‘‘दर शुक्रवारी बघ. पिंप भरलेलं असायला हवं, एवढंच. बाकी हात लावू नको.’’ झाली शिकवणी.

ती परतली शनिवारच्या तीन दिवस आधी. पिंपातून काचेच्या नळीनं घोटभर काढून चाखली आणि तिचं कपाळ आक्रसलं. मला फोन. ‘‘भाऊ, माझी जीभ गेली वाटतं. दोन महिने सिमेंट खाल्लंय ना.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ‘‘छान लागतेय. पण छान का लागतेय?’’ तिसऱ्या दिवशी फोन नाही. गेलो तर ताई सकाळपासून गॅरेज धूत होत्या. तिसऱ्यांदा.

शनिवारी दुकानवाल्या बाई आल्या. साठीच्या, पायात मळके बूट, तोंडावर हसू नाही. दादा दाराशी टेकून उभा, मी खोक्यावर. घाईताईनं पेला भरून दिला आणि गॅरेजात येरझारा घालायला लागली. बाईंनी वास घेतला, घोट घेतला, चाखणारे करतात तसा थुंकून टाकला, परत घेतला.

‘‘चांगली आहे,’’ त्या म्हणाल्या.

घाईताई थांबली.

‘‘स्वच्छ आहे, गोल आहे, कुठं टोचत नाही. पण खरं सांगू? अशा चाळीस आहेत माझ्याकडे. पलीकडच्या. आणि त्यांच्या बाटलीवर नाव तरी आहे. ही मी कशाला नेऊ?’’ पेला त्यांनी पाइपांच्या डब्यावर ठेवला आणि पिशवी उचलली.

माझं डोकं सटकलं. नाव, यादी, काठ, सगळं तोंडावर आलं होतं. पण माझ्याआधी दादा बोलला. भिंतीकडे बघत.

‘‘ही तिची नाही.’’

‘‘म्हणजे?’’ घाईताई.

‘‘सगळी तुझी नाही. तू किल्ली कोंबून गेलीस, आणि ही वास मारत होती गं! सडकी काडेपेटी. मला वाटलं, गेली. म्हटलं, ही बिचारी येणार, परक्या बाईसमोर पिंप उघडणार, आणि शोभा होणार. म्हणून साठ लिटर काढली. आणि पलीकडच्या दोस्ताकडची चांगली घातली तेवढीच. ढवळली, तर वास गेला.’’

एका क्षणात मला सगळं कळलं आणि रागवावं की काय करावं ते कळेना. हा माणूस स्वतःचीच अट स्वतःच हरायला निघाला होता. वेली वाचल्या तरी चालतील, पण बहिणीची फजिती होता कामा नये. आणि हे सगळं का, तर काळतोंडीतून काही चांगलं निघू शकतं यावर त्याचा काडीचा विश्वास नाही म्हणून. पलीकडच्यांनी पन्नास वर्षं आम्हाला जे ऐकवलं, ते आमच्या माणसाच्या हाडात किती खोल मुरलंय, बघा. मी छापलेली सगळी पत्रकं त्यापुढे फुकट.

घाईताई ओरडली नाही. ते जास्त भीतीदायक होतं. तिनं विचारलं, ‘‘काढलेली कुठं ओतलीस?’’

‘‘ओतवली नाही.’’

काचेचे तीन बुधले, वीस-वीस लिटरचे, दादाच्या घरी कपड्यांच्या कपाटामागे होते, गोणपाटात गुंडाळलेले. दादा आणि मी ते हातगाडीवरून आणले. बाई तोवर थांबल्या. माझ्या मते वाइनसाठी नाही, पुढं काय होतंय ते बघायला. बूच काढलं आणि गॅरेजभर काडेपेटी.

‘‘बघा,’’ दादा म्हणाला, ‘‘मी खोटं सांगत होतो का?’’

बाईंनी नाक मुरडलं नाही. दोन पेले भरून घेतले. एका पेल्यातली दुसऱ्यात ओतली, दुसऱ्यातली पहिल्यात, पाच-सहा वेळा. मग पेला ठेवून दिला. ‘‘आता याला हात लावायचा नाही. वीस मिनिटं.’’

वीस मिनिटं! घाईताईला तुम्ही वीस मिनिटं खांब धरायला सांगा, धरेल. पण नुसतं थांबायचं? तिनं एल्बोचा डबा ओतला आणि मापाप्रमाणे लावायला घेतला. मग पेल्याकडे गेली. बाई म्हणाल्या, ‘‘अहं.’’ परत आली. वॉशर मोजले. परत गेली.

‘‘अहो ताई, बसा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या वाऱ्यानंच ती ढवळून निघेल.’’

दादानं पालथी बादली पुढं सरकवली. घाईताई बसली. गुडघा नुसता हलत होता, मशीनसारखा. भावाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

वीस मिनिटांनी बाईंनी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग प्यायल्या. या वेळी थुंकल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मिरी आहे. ओला दगड आहे. आणि शेवटी दाताला धरते ती. ही कुणासारखी नाही.’’ मग दादाकडे वळल्या. ‘‘तुम्ही प्यायलात का कधी?’’

दादा म्हणाला, ‘‘वास घेतला होता.’’

‘‘वास नाही विचारला मी.’’

दादानं पेला घेतला. प्यायला. आणखी एक घोट घेतला, आणि पेला परत द्यायचं विसरला.

बाईंना साठच्या साठ लिटर हवी होती. वास पुरता गेला की बाटल्यांत भरून पाठवा म्हणाल्या, बाटलीवर ‘लाल वाइन’ लिहा, ओळख काय करून द्यायची ते माझ्या तोंडावर सोडा. पुढच्या वर्षीची चाखायला येणार. पिंपातली नको. जाताना घाईताईला एवढंच म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी किल्ली देताना दोन वाक्यं जास्त बोला.’’

अट पुरी झाली. दादा यंत्रवाल्याला फोन करायला अंगणात गेला. मला वाटलं, आता घाईताई नाचेल. ती पिंपासमोर उभी होती.

‘‘भाऊ, ही पण ‘लाल वाइन’ म्हणूनच विकता येईल ना? कायद्यानं?’’

‘‘येईल,’’ मी म्हणालो. ‘‘कायद्याला दोन्ही सारख्याच.’’

‘‘मग काय उपयोग तुझ्या कायद्याचा?’’ माझा कायदा! आणि तिनं पिंपाला लाथ घातली, पायाला लागलं, आणि सगळा राग त्या पायावर काढला. पिंपातली तिनं विकली नाही. शिरका करायला ठेवली. वर्षातलं तीन चतुर्थांश काम, शिरका. दादानं ‘‘अगं, निदान थोडी तरी’’ एवढं तोंड उघडलं, तर म्हणाली, ‘‘तू आणि तुझा दोस्त मिळून प्या.’’

सोमवारी यंत्र आलंच. निरोप कुणाला तरी पोचला होता, चालकाला नाही. घाईताई तेव्हा तीन गल्ल्या पलीकडे, फुटलेल्या पाइपापाशी, घोट्याएवढ्या पाण्यात. मी फोन करून सांगितलं तर मलाच म्हणाली, ‘‘मग तू तिथं काय करतोयस? आडवा हो!’’ आडवं व्हायची माझी तयारी होती, तेवढीच एक गोष्ट मला चांगली येते. पण दादा आधीच पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभा होता, हाताची घडी घालून.

‘‘एक ओळ तरी काढू द्या हो,’’ चालक वैतागला होता. ‘‘एवढं डिझेल जाळून आलोय.’’

‘‘एकही नाही.’’

‘‘पण तुम्हीच तर सांगितलं होतं, कचरा आहे म्हणून!’’

 दादा जागचा हलला नाही. यंत्र रस्त्यात वळायला पंधरा मिनिटं लागली, तेवढा वेळ तो तसाच उभा. मग त्यानं खिशातून फोन काढला.

‘‘गेला,’’ तो म्हणाला.

पलीकडून घाईताईचा आवाज मला दोन पावलांवर ऐकू येत होता. ‘‘अकराच्या अकरा आहेत?’’

‘‘आहेत.’’

‘‘बघून सांगतोयस की असंच?’’

‘‘मग ये आणि मोज.’’

‘‘मोजणारच आहे,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.