अँमीटरवरचं कुंकू

काल दसऱ्याला पंपाच्या स्टार्टरला कुंकू लावताना तेलाचा वास आला आणि बेला गावच्या शाळेतले विज्ञानाचे सर आठवले. दसऱ्याच्या पूजेत त्यांनी करंट मोजायच्या अँमीटरच्या पितळी स्क्रूंवरही तेलात कालवलेलं कुंकू थापलं होतं. पुढे परीक्षेत तीन व्होल्टची बॅटरी आणि सहा ओहमची तार जोडली, तर स्क्रूंवरच्या तेलकट थरातून करंट जाईना आणि काटा जागचा हलेना.

"सर, करंट येऊनच नाही राह्यला. कुंकू पुसू का?" मी विचारलं.

"देवाचं कुंकू पुसतं काय रे? सूत्रानं अर्धा अँपिअर येते, तेच लिहा!" सर खेकसले.

सगळ्यांनी निमूट अर्धा लिहिला. मी शून्य लिहिलं आणि नापास झालो. तेव्हा रडलो होतो.

सर पुढे हेडमास्तर झाले. न हलणाऱ्या काट्याला अर्धा म्हणणारा माणूस दुसरं काय होणार?