गोष्टीतली बोट

वाचन महोत्सव संपला की दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत मागोव्याची बैठक असते. हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढायच्या, सतरंज्या टाकायच्या, मुलं आणि शिक्षक एकत्र खाली बसणार. आधी मुलं बोलतात, मग शिक्षक. बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही, हा नियम मी घातला, कारण मध्ये बोलायची सवय मुलांपेक्षा आम्हालाच जास्त.

त्या वर्षी दोन पाहुणे होते. एक बालकवितांच्या कवयित्री आणि एक पुण्याचे कादंबरीकार. कादंबरीकारांनी नववीची कार्यशाळा घेतली. आपल्या गावातली गोष्ट लिहा, म्हणाले, आणि शेवट सांगू नका, तो वाचणाऱ्याला करू द्या. नववीतल्या एका मुलीची गोष्ट त्यांना इतकी आवडली की समारोपाला त्यांनी ती स्वतः माइकवर वाचली. संध्याकाळी बायका धक्क्यावर उभ्या आहेत. एकेक बोट दिवे लावून आत येते. एक येत नाही. बायका उभ्याच राहतात. एवढीच गोष्ट.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मागच्या रांगांतून मात्र वाजल्या नाहीत. तिथे कोळीवाड्यातल्या आया बसल्या होत्या. मला वाटलं, आवाज पोचला नसेल. पुढच्या वर्षी एक स्पीकर मागे ठेवायचा, असं मी टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर शिपाईमामांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्या मुलीचा बाप एका बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे आणि ती बोट बाहेर होती. बरोबर गेलेल्या सगळ्या बोटी इथे रेवदंड्याला परत आल्या होत्या. हिचीच नव्हती. वायरलेसवर उत्तर नव्हतं. वाऱ्याने दिशा बदलली होती.

मुख्याध्यापक म्हणाले, बैठक रद्द करू. मी म्हटलं, रद्द केली तर मुलं हेच मैदानात बोलतील, आणि तिथे नियम नसतील. मुलगी शाळेत आली होती. घरी बसून राहवलं नाही, एवढंच ती वर्गात म्हणाली होती. हॉलमध्ये ती भिंतीला टेकून बसली. तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामी राहिली.

सुरुवात नेहमीसारखी झाली. कविता आवडल्या. वडे गार होते. पाहुण्यांनी सह्या देताना आधी पाचवीला घेतलं, हा अन्याय. मग कोळीवाड्यातलाच, तिच्याच वर्गातला एक मुलगा उठला. त्याचा काका त्याच बोटीवर खलाशी होता.

तो म्हणाला, बोट बाहेर असली की आमच्याकडे असलं काही तोंडातून काढत नाहीत. आजी टीव्हीवर वादळाची बातमी लागली तरी बंद करते. हे हिला माहीत आहे, ही काय बाहेरून आलेली नाही. मग तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "टाळ्या मिळाल्या ना तुला?"

मुलगी म्हणाली, "बुडाली असं मी कुठं लिवलंय?"

"आली असं पण न्हाय लिवलंस."

आमच्या मराठीच्या तरुण शिक्षिकेला राहवेना. गोष्टीने बोटी बुडत नसतात, हे तिने समजावून सांगितलं. विज्ञानाच्या सरांनी वारा, इंजिन, वायरलेसचा पल्ला असं सगळं सांगितलं. मुलं खाली बघत ऐकत होती. एकाने हात वर केला आणि विचारलं, "सर, मग तुमच्या नव्या गाडीला लिंबू-मिरची का?" थोडं हसू आलं आणि लगेच विरलं.

तेवढ्यात मुलीची आई दारात आली. सरळ धक्क्यावरून आली होती, पदर कमरेला खोचलेला. पोरीला घरी न्यायला आली, नाहीतर भांडायला, असंच सगळ्यांना वाटलं. मुख्याध्यापक खुर्ची शोधू लागले. ती खालीच बसली.

"बाई, काल वाचली ती गोष्ट कुठं हाय?"

माझ्याकडेच होती. कादंबरीकार मुलांच्या कथांचा संग्रह काढणार होते, त्यासाठी पाठवायची होती. वाचा, ती म्हणाली. मी वाचली.

"पुढं?"

पुढे नाही, शेवट मोकळा ठेवलाय, मी सांगितलं.

"मोकळी कोण सोडतं बोट?" ती म्हणाली. मग पोरीकडे बघून, "तू पाण्यात घातलीस, तूच आण."

मराठीच्या शिक्षिकेने हळूच माझ्या कानाशी सांगितलं की गोष्ट निवडली गेली ती शेवटामुळेच. बदलली तर संग्रहातून जाईल, आणि अशी संधी या मुलीला पुन्हा कधी मिळणार? ते खरंच होतं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, गोष्ट तुझी आहे, तू ठरव. तिने पेन मागितलं.

ती लिहीत होती आणि आम्ही सगळे बघत होतो. आईची नजर खिडकीकडे होती, पण आमच्या हॉलमधून समुद्र दिसत नाही, नुसती नारळाची झाडं दिसतात. मध्येच तो मुलगा म्हणाला, "माझ्या काकाला आधी उतरव." तिने मान हलवली आणि लिहीत राहिली. नियम मोडला होता; मी मोडू दिला.

मग तिने उभं राहून वाचलं. सगळ्यात शेवटी एक बोट आली. तिचा दिवा लागत नव्हता म्हणून लांबून दिसली नाही. दोर टाकला. आधी याचा काका उतरला, मग बाकीचे खलाशी, शेवटी तांडेल.

"शेवटी?" आईने विचारलं.

"तांडेल शेवटीच उतरतो ना, आई."

"व्हय," ती म्हणाली. उठली, पदर पुन्हा खोचला आणि धक्क्याकडे परत गेली. त्यानंतर मागोवा पुढे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी बातमी आली. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या एका बोटीने तिला ओढत आणलं. सगळे सुखरूप होते. धक्क्यावर कोण आधी उतरलं, ते मी कुणालाही विचारलं नाही.

कादंबरीकारांना मी दोन्ही शेवट पाठवले. त्यांचा फोन आला. नवीन शेवट प्रेमाचा आहे, पण साहित्य म्हणून उणा आहे, छापायची तर पहिलीच छापू, असं ते म्हणाले. मी मुलीला निरोप सांगितला. ती विचार करायलाही थांबली नाही. पहिली गोष्ट अर्धी आहे, म्हणाली, अर्धी नको. मी तसं कळवून टाकलं. मराठीची शिक्षिका त्यानंतर काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

अर्धवट राहिलेली बैठक आम्ही पुढच्या आठवड्यात पूर्ण केली. सूचनांची वेळ आली तेव्हा तोच मुलगा उठला. यापुढे पाहुणे बोलवायच्या आधी शाळेने कोळीवाड्यात विचारून घ्यावं, कुणाच्या बोटी बाहेर आहेत. सूचना मला पटली. मी लिहून घेत होते, तेवढ्यात मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "मॅडम, कुणाची ना कुणाची बाहेर असतेच."

मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मी दोन्ही लिहून घेतलं, एकाखाली एक, आणि पुढच्याला विचारलं.