संघपालला शार्कनं मारलं नाही

माझा धाकटा भाऊ संघपाल डेंग्यूनं गेला. सुट्टीवर घरी आला होता, ताप चढला, आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात माझ्या डोळ्यांदेखत गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी मी आमच्या गावी, धाडच्या एसटी स्टँडवर उतरले तर समोर भलामोठा फ्लेक्स. जबडा वासलेला शार्क, रक्ताळलेले दात, कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधलेला संघपाल, आणि खाली ‘शार्कशी झुंज देणाऱ्या वीरास भावपूर्ण श्रद्धांजली’. बाजाराचा दिवस होता. माणसं पिशव्या खाली ठेवून हळहळत होती. माझं डोकंच फिरलं.

झुंज कसली? अंदमानात तो लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवायचा. शार्क दिसला की पाठलाग करायचा नाही, काही खाऊ घालायचं नाही, हात छातीशी धरायचे. लांबूनच त्याच्या पंखांचा फोटो काढायचा आणि जागा आणि पाण्याची खोली लिहून संशोधकांना पाठवायचा. पंखावरच्या खाचांवरून त्यांना तोच शार्क पुन्हा ओळखता येतो, कुठं किती उरलेत याचा अंदाज लागतो. येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला तो या कामाला जुंपायचा. मी एकदा विचारलं, “तुले भेव नाही वाटत?”

“वाटते ना तायडे... पर्यटकायच्या हाताचं.”

एका मालकानं त्याला पाण्यात माशांचे तुकडे टाकायला सांगितलं, म्हणजे शार्क गिऱ्हाइकांच्या जवळ येतील. यानं नोकरीच सोडली. बाबा संतापले, मीही संतापले. “एका माशासाठी?” मी फोनवर ओरडले.

“हाव, माशासाठीच. माणूस दिसला का खायाले भेटते, हे आपणच त्याले शिकवाचं, आन तो चावला का त्यालेच माराचं?”

त्याचं खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. असाच होता तो... जेवायच्या ताटावरही समजावत बसायचा.

फ्लेक्स आमच्या चुलतभावानं, राजूनं लावला होता. “काढ तो,” मी म्हटलं.

“काऊन ताई? किती लोकं थांबून पाहून राह्यले!”

“मंग डासाचा फोटो लाव. त्यानं मारलं.”

राजूनं खिशातून संघपालचा फोन काढून माझ्यापुढं धरला. “त्याच्या फोनमधी त्याचा पाण्यातला एकबी फोटो नाही. मंग नेटवरून घेतला.”

ज्या भीतीशी संघपाल आयुष्यभर भांडला, तीच त्याच्या नावानं स्टँडवर टांगली होती. ते मला सहन होणं शक्य नव्हतं. मी त्याचा फोन उघडला. नुसते त्यानं काढलेले शार्क. लांबचे, धूसर, तोंड मिटून आपल्या वाटेनं चाललेले. त्यातला एक निवडून नवा फ्लेक्स छापून घेतला आणि जुना स्वतः दोऱ्या कापून उतरवला. नवा चढवल्यावर राजू बराच वेळ वर पाहत राहिला.

“ताई, याच्यात आपला संघपाल कुठी हाय?”

“शार्क किती लांब दिसते तुले?” मी चिडूनच म्हटलं. “तेवढ्या लांब थांबला हाय तो.”