तोलात थांबलेला पाळणा

फिरत्या आकाशपाळण्याला फारशी वीज लागत नाही. जागचा हलवताना मात्र त्याची मोटर पहिले काही सेकंद एरवीच्या पाच-सहा पट करंट ओढते. भोपाळच्या बाहेर, बायपासच्या पलीकडे ज्या मनोरंजन पार्कात मी विजेचं काम बघतो, तिथे अशा तीन मोठ्या मोटरी आहेत. एक पाळण्याची, एक झुलत्या जहाजाची आणि तिसरी टॉवरची, म्हणजे माणसांना बाकावर बांधून उंच नेणाऱ्या आणि वरून एकदम खाली सोडणाऱ्या खेळाची. टॉवर सगळ्यात शेवटी आला. त्याच्यासाठी वाढीव लोडचा अर्ज केला होता, मंजुरी यायची होती, पण मालकांना दिवाळीची सुट्टी चुकवायची नव्हती. म्हणून मी नियम घालून दिला की दोन मोटरी एका वेळी सुरू करायच्या नाहीत. दिवसभर वॉकी-टॉकीवर तेच चालायचं.

"टॉवर छोडूं क्या?"

"रुको, पहिया उठ रहा है."

"कब तक उठेगा? सुबह से उठ ही रहा है!"

हे "रुको" म्हणणारे माझे वडील होते.

बाबा पिपलानीजवळच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे त्यात तारेची वेटोळी भरण्याचं काम, करत होते. निवृत्तीनंतर अवधपुरीच्या घरात त्यांना करमेना, म्हणून मीच त्यांना पार्कात नेलं. पाळणा त्यांच्या हाती दिला आणि त्यांनी तो कारखान्यातल्या मोटरीसारखाच सांभाळला. ते म्हणायचे, "मोटरला वजनाचा त्रास होत नाही रे, एकाच बाजूच्या वजनाचा होतो." त्यामुळे एका डब्यात दोघं बसवले की बरोबर समोरच्या डब्यात तेवढ्याच अंगाचे दोघं बसवायचे, नजरेनेच अंदाज घेऊन. एकदा चार धिप्पाड मित्र एकाच डब्यात शिरले आणि उतरेनात.

"बैठो बेटा," बाबा म्हणाले, "पर तुम्हारे सामने किसको बिठाऊं? पहलवान ढूंढने पड़ेंगे."

रांगेतले सगळे हसले आणि त्यातले दोघं मुकाट्याने उतरले. पार्कातली पोरं त्यांना बाबूजी म्हणायची. आई मात्र घरी म्हणायची, "तिथे जगाचा तोल सांभाळतात. इथे भाजीची पिशवी आणायला सांगितली की खांदा दुखतो."

पाळणा अडकला तो रविवार दिवाळीच्या सुट्टीतला होता. सकाळी पार्क उघडायच्या आधी मी पाळण्याचं पॅनेल साफ केलं. त्यात एक रिले असतो. विजेचा दाब खाली गेला की तो मोटर बंद करतो. पण आमच्याकडे टॉवरची मोटर सुरू झाली की दाब क्षणभर पडायचाच, म्हणून मी त्या रिलेला तीन सेकंद थांबायला लावलं होतं. तेवढ्यात दाब परत आला तर पाळणा फिरत राहायचा. त्या सकाळी रिले काम करतो की नाही हे तपासायला मी त्याची ही वेळ ठरवणारी खुंटी शून्यावर नेली आणि दाब तोडून पाहिला. रिलेने लगेच मोटर बंद केली, म्हणजे तो ठीक होता. तेवढ्यात गेटवरून कोणीतरी तिकिटाचं मशीन बंद पडल्याचं सांगायला आलं. मी पॅनेलचं दार लावलं आणि गेलो. खुंटी शून्यावरच राहिली.

दुपारी चारच्या सुमारास टॉवर सुरू झाला, दाब क्षणभर पडला, आणि भरलेला पाळणा ब्रेक लागून जागच्या जागी थांबला. सगळ्यात वरच्या डब्यात एक बाई आणि तिची लहान मुलगी होती. मुलीचा आवाज खालपर्यंत येत होता. पाळणा असा अचानक थांबला तर कारण कळल्याशिवाय मोटर चालू करायची नाही, माणसं हातानेच उतरवायची, असा नियम आहे. त्या बाईच्या नवऱ्याने बाबांचा शर्ट धरला. "बुड्ढे को बिठा रखा है मशीन पर!" असं तो ओरडत होता आणि लोक मोबाइलवर ते टिपत होते. गार्डने बाबांना सोडवून तिकिटाच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. केबिनची खिडकी गेटकडे आहे, पाळणा तिथून दिसत नाही.

त्यामुळे पुढचं मी पाहिलं, बाबांनी पाहिलं नाही.

आम्ही ब्रेक हाताने सोडला. एका बाजूला वजन जास्त असतं तर पाळणा आपोआप त्या बाजूला उतरला असता. तो हललाच नाही. चाळीस-पन्नास माणसं अंगावर घेऊन तो एखाद्या चांगल्या तराजूसारखा उभा राहिला. चार जणांनी रेटलं तेव्हा कुठे हलला. एकेक डबा खाली आणत सगळ्यांना उतरवायला पाऊण तास लागला. कोणाला काही लागलं नाही. ती मुलगी उतरली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती.

मग मी पॅनेल उघडलं, शून्यावरची खुंटी पाहिली आणि अंगठ्याने ती तीनवर आणली. मागे पावलं वाजली. बाबा आले होते. शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली होती.

"अरे," ते म्हणाले, "एकीकडे जास्त बसले होते का? मोटर ओव्हरलोड झाली का?"

त्यांचा तोल एवढासाही चुकलेला नव्हता, हे मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"असेल, बाबा," मी म्हणालो.

मॅनेजरने संध्याकाळी कारण लेखी मागितलं. ऑपरेटरने डबे असमान भरल्याने मोटरवर ताण आला, असं मी लिहिलं आणि सही केली. तेव्हा मी स्वतःला समजावलं की माझी नोकरी गेली तर घर बसेल. बाबांना पेन्शन आहे, त्यांचं काय जाणार आहे?

त्यांचं काय गेलं ते नंतर दिसत गेलं. पार्कात ते पुन्हा आले नाहीत. कॉलनीतले लोक मिक्सर, पंखे दुरुस्तीला आणायचे, त्यांना ते म्हणू लागले, "बाजारातच टाका. आता माझा भरवसा नाही." स्कूटरची किल्ली त्यांनी आपणहून मला दिली. झोपायला जाण्याआधी गॅस पाहायला तीन-तीनदा उठायचे.

"बंदच आहे हो. तुम्हीच बंद केलात, मी बघितलं," आई म्हणायची.

"तरी तू एकदा बघ."

मी ते ऐकत असे. रोज वाटायचं, उद्या सांगू. दोन वर्षांहून अधिक काळ मी असे उद्या काढले.

गेल्या हिवाळ्यात पाळण्यावर नवा ऑपरेटर आला. जुना माणूस त्याला काम शिकवत होता आणि मी पलीकडे केबल तपासत होतो.

"सामने-सामने भरना," तो सांगत होता, "नहीं तो बाबूजीवाला लोड हो जाएगा."

"कौन बाबूजी?"

"थे एक. बूढ़े हो गए थे, अंदाज़ा नहीं रहता था."

तो हे वाईट मनाने बोलत नव्हता. मी लिहिलं होतं तेच सांगत होता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी बाबा ओसरीवर मटार सोलत बसले होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, रिले, खुंटी, गेटवरचा निरोप. त्यांनी मान हलवली.

"माझं मन राखायला सांगतोयस," ते म्हणाले. "सत्तरी आली, चुका होतातच. तू कशाला अंगावर घेतोस?"

मी किती वेळा सांगितलं, शपथ घेतली. ते हसून शेंगा सोलत राहिले. शेवटी मी म्हणालो, "बाबा, ब्रेक सोडल्यावर पाळणा हलला नव्हता."

त्यांचा हात थांबला.

"कधी?"

"पहिल्यांदा सोडला तेव्हा. माणसं उतरवायच्या आधी. सगळे डबे भरलेले होते."

"आपोआप फिरला नाही?"

"नाही. चौघांनी रेटला, तरी आधी हलेना."

ते अंगणाच्या फाटकाकडे बघू लागले. ओठ हलत होते. मला वाटतं, ते डबे मोजत असावेत.

"म्हणजे पासंगाइतकाही फरक नव्हता," ते हळूच म्हणाले.

"नव्हता."

"आणि हे तुला तेव्हाच दिसलं?"

"हो."

आतून आईने विचारलं, "झाले का मटार?"

"होतायत," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू लिहून दिलेला कागद बदललास?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी मी खरं कारण लिहून मॅनेजरकडे दिलं. "अब क्यों, साहब? बाबूजी तो घर बैठ गए, बात खत्म हो गई," तो म्हणाला. मी तो कागद त्याच्यासमोर फाइलला लावून घेतला. माझ्याविरुद्धची चौकशी अजून चालू आहे. पाळण्यावरच्या दोघांनाही मी जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून जुना ऑपरेटर मला साहब म्हणत नाही.

कागदाची प्रत मी बाबांना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि उठले. माळ्याखाली शेजाऱ्यांचा टेबलफॅन दोन वर्षं पडून होता, कोणी परत न्यायलाही आलं नव्हतं. तो त्यांनी ओसरीवर आणून उघडला.

मी बॅटरी घेऊन जवळ बसलो. त्यांनी मला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. जळालेली कॉइल काढून ते नवी तार घालू लागले. केसासारखी बारीक तार त्यांच्या बोटांत तुटली. त्यांनी टोक शोधलं, पुन्हा सुरुवात केली, तार पुन्हा तुटली. पूर्वी त्यांच्या हातून अशी तार तुटलेली मी कधी पाहिली नव्हती.

"उजेड सरळ धर," ते म्हणाले.

मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी तिसऱ्यांदा टोक शोधायला घेतलं.